हाडाच्या कॅन्सरची गोळी आणि किमोची तारीख

हाडाच्या कॅन्सरवर रामबाण गोळी सापडली, अशा अर्थाचा एक मजकूर गेल्या काही महिन्यांत आमच्या भागातील बऱ्याच लोकांच्या मोबाईलवर फिरला. मला तो तीन निरनिराळ्या माणसांनी पाठविला. मी ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर बसणारा कारकून. डॉक्टर नाही की औषधशास्त्र शिकलेला नाही. परंतु वस्तीतील आजारी माणसांचे कागद तयार करणे, उत्पन्नाचा दाखला काढून देणे, योजनेचा फॉर्म भरणे, ट्रस्टकडे मदतीचा अर्ज लिहिणे ही कामे गेली अठरा-वीस वर्षे माझ्याकडे येतात. त्यामुळे असा मजकूर आला की लोक मलाच विचारतात, "दादा, हे खरे आहे का हो?"

वाचक बंधू-भगिनींनो, त्या मजकुराच्या मुळाशी असलेले संशोधन खोटे नाही. अशी गोळी आहे, तिच्यावर मोठमोठ्या संस्थांनी काम केले आहे आणि जगातल्या नामवंत विज्ञान नियतकालिकात ते छापूनही आले आहे. अडचण एवढीच की ती बातमी २०१२ सालची आहे, आणि त्यानंतर काय झाले ते मजकूर पाठविणाऱ्याने लिहिलेले नाही. खातेवहीतले जमेचे पान दाखवावे आणि खर्चाचे पान फाडून टाकावे, तसा तो प्रकार आहे. ते फाडलेले पान आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेख.

या आजाराचे नाव युइंग सार्कोमा. हाडाचा हा कॅन्सर मोठ्या माणसांत कमी, आणि बहुतेक करून दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत दिसतो. या वयाच्या हाडाच्या कॅन्सरमध्ये ऑस्टिओसार्कोमाचा क्रमांक पहिला आणि याचा दुसरा. मांडीचे हाड, नडगी, कमरेचे हाड, बरगडी अशा ठिकाणी तो उठतो. तसा हा आजार दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ असल्यामुळेच तो लवकर ओळखू येत नाही. मुलगा कबड्डी खेळतो, पोरगी पाण्याचा हंडा घेऊन जिना चढते. पाय दुखला तर लागले असेल, लचकले असेल, वाढीचे वय आहे, असेच घरच्यांना वाटते. त्यात या आजारात कधी कधी अंगात कसकस असते, बारीक ताप येतो, सुजलेली जागा हाताला गरम लागते. त्यामुळे हाडात पू धरला असावा असे डॉक्टरलाही वाटू शकते. मग गोळ्या, इंजेक्शने, आणि त्यांच्या जोडीला आपल्या घरोघरचे उपाय : तेलाचे मालीश, गरम विटेचा शेक, हाडवैद्याचा लेप. महिना जातो, दोन महिने जातात.

मी काही पाहिलेल्या गोष्टींवरून सांगतो. दुखणे विश्रांती घेऊनही कमी होत नसेल, रात्री झोपेतून उठवीत असेल, दोन-तीन आठवडे उलटूनही सूज वाढतच असेल, तर आधी एक्स-रे काढावा, आणि डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली तर ती टाळू नये. आणि न ओळखलेल्या गाठीवर मालीश तर मुळीच करू नये.

दुसरी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे मी घरे मोडताना पाहिली आहेत. मुलाला असा आजार झाला की पहिला बोट आईकडे जाते. पोटुशी असताना ग्रहण पाहिले, तिच्या माहेरातच काही तरी होते, पोराला पडू दिले. वास्तविक या आजारात आईकडून किंवा बापाकडून काही आलेले नसते. पडल्यामुळे हा कॅन्सर होत नाही. पडल्यामुळे फार तर आधीच असलेल्या गाठीकडे लक्ष जाते. होते ते असे : आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचा एकेक तुकडा तुटतो आणि जागा बदलून चुकीच्या ठिकाणी चिकटतो. हे जन्माच्या आधी नव्हे, तर पुढे केव्हा तरी त्या मुलाच्या एखाद्या पेशीत घडते. त्या चुकीच्या जोडातून एक नवेच, निसर्गात नसलेले प्रथिन तयार होते आणि ते पेशीला बेबंद वाढायला लावते. बहुसंख्य युइंग रुग्णांच्या गाठीत हाच जोड सापडतो.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. न्यूयॉर्कचे डॉ. जेम्स युइंग यांनी १९२१ साली या गाठीचे वेगळेपण प्रथम लिहून ठेवले. हाडाच्या इतर गाठींपेक्षा ही गाठ किरणांच्या उपचाराने जास्त विरघळते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. गुणसूत्रांची अदलाबदल १९८३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविली, आणि १९९२ साली पॅरिसच्या ओलिव्हिए डेलात्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके कोणते दोन जनुक जोडले जातात ते शोधून काढले. त्यांची नावे ईडब्ल्यूएस आणि एफएलआय-१. केवळ ऑपरेशन आणि किरण यांवर भिस्त होती त्या काळी दहा मुलांतले एखादेच वाचत असे. किमो आली आणि चित्र पालटले. आजार एकाच जागी असताना सापडला आणि उपचार पूर्ण झाले, तर प्रगत देशांतील आकड्यांप्रमाणे दहापैकी सुमारे सात मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. फुप्फुसात किंवा इतर हाडांत पसरल्यावर सापडला तर मात्र हा आकडा तीनच्याही खाली जातो.

आता त्या गोळीकडे येऊ. गोळीचे नाव ओलापॅरिब. ती एका एन्झाइमला अडविते. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोडसर लागतो, ते लाळेतल्या विकराचे काम. शरीरातले प्रत्येक काम अशी कुठली ना कुठली विकरे करीत असतात. त्यांतल्या एकाचे नाव पार्प. आपल्या पेशीतील डीएनएचा धागा रोज हजारो ठिकाणी किरकोळ तुटतो, आणि ती किरकोळ दुरुस्ती करणाऱ्यांत पार्प हा महत्त्वाचा कामगार आहे.

चाळीच्या नळाचे उदाहरण घ्या. बारीक गळती लागली की चाळीचा नेहमीचा प्लंबर येऊन पाना मारून जातो. तो आला नाही तर गळती वाढते आणि एक दिवस पाइप फुटतो. तरीही चाळ बुडत नाही, कारण फुटलेला पाइप बदलायला महापालिकेची माणसे येतात. पार्प हा चाळीचा प्लंबर. बीआरसीए नावाची जी जनुके आहेत, ज्यांच्यातील दोषामुळे काही कुटुंबांत स्तनाचा व अंडाशयाचा कॅन्सर होतो, ती महापालिकेची माणसे. २००५ साली इंग्लंडमधील दोन संशोधक गटांनी दाखवून दिले की ज्या कॅन्सर पेशीत बीआरसीए आधीच बंद पडलेले आहे, तिथे औषध देऊन पार्पलाही अडविले की पेशी मरते. निरोगी पेशीत महापालिका शाबूत असते, म्हणून ती तगते. या तत्त्वावर ओलापॅरिब उभे राहिले आणि डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला परवानगी मिळाली. पुढे स्तन आणि प्रोस्टेटच्या काही कॅन्सरसाठीही मिळाली. भारतातही ते औषध त्या आजारांसाठी मिळते. एजंट लोक "सरकारमान्य औषध आहे" असे जे सांगतात ते या अर्थाने खरेच असते. कशासाठी मान्य, एवढे मात्र ते सांगत नाहीत.

या गोळीचा युइंगशी संबंध जुळला तो २०१२ साली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळची सँगर इन्स्टिट्यूट आणि बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांनी मिळून एक प्रचंड काम केले. निरनिराळ्या कॅन्सरच्या सहाशेहून अधिक प्रकारच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि त्यांच्यावर १३० औषधे एकेक करून लावून पाहिली. कुठल्या पेशीवर कुठले औषध चालते याचा तो एक भला मोठा तक्ताच. त्या तक्त्यात कोणाच्या ध्यानीमनी नसलेली एक नोंद निघाली. युइंगच्या पेशी ओलापॅरिबने मरत होत्या, आणि त्याही बीआरसीए बिघडलेल्या पेशींइतक्याच सहज. मार्च २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. पार्पला अडविणारे औषध आणि टेमोझोलोमाइड नावाचे किमोचे औषध एकत्र दिले, तर उपचार केलेल्या सर्व उंदरांमधील गाठी नाहीशा झाल्या.

मोबाईलवरचा मजकूर येथे संपतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक रिक्षाचालक बंधू राहतात. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा, दहावीत. डाव्या मांडीच्या हाडात युइंग निघाला. त्याआधी जवळच्या एका दवाखान्यात मार लागला म्हणून जवळजवळ तीन महिने गोळ्या चालल्या होत्या. पुढे मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नाव घातले, बायोप्सी झाली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद मी केले आणि किमो सुरू झाली. तिसऱ्या किमोनंतर पोराची अवस्था कोणालाही बघवत नव्हती. डोक्यावर एक केस नाही, तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवेना. अशा वेळी मेव्हण्याने हा मजकूर पाठविला, आणि त्याच्या ओळखीचा एक माणूस गोळ्या आणून द्यायला तयारही झाला.

एका रात्री दहा वाजता ते माझ्याकडे आले. म्हणाले, "जयभीम दादा. मी ठरवलंय. पुढच्या दोन तारखा चुकवतो. गावाला जाऊन जमिनीतला माझा वाटा भावाच्या नावावर करून देतो, पैसे घेतो आणि ही गोळी सुरू करतो. पोराला आता ती सुई नको."

"वहिनी काय म्हणतात?" मी विचारले.

"ती काय म्हणणार? रडतेय नुसती."

मी त्यांना बसविले. पाणी दिले. अशा वेळी माणसाला अज्ञानी ठरवून काही साधत नाही. बाप वेडा नव्हता, दमलेला होता. मी म्हटले, "भाऊ, मला दोन दिवस द्या. तुम्ही जमिनीचा कागद करण्याआधी मी या गोळीचा कागद वाचतो."

आमच्या ओळखीत विज्ञान शाखेची एक मुलगी एम.एस्सी. करते. तिला सोबत घेऊन बसलो. इंग्रजी शास्त्रीय भाषा मला जड जाते, पण आकडे कुठल्याही भाषेत आकडेच असतात. आणि आम्हाला ते फाडलेले पान सापडले.

प्रयोगशाळेतल्या त्या शोधानंतर बोस्टनच्या डॉक्टरांनी वेळ न दवडता तीच गोळी माणसांना देऊन पाहिली. किमो देऊनही ज्यांचा युइंग पुन्हा उलटला होता असे १२ प्रौढ रुग्ण त्यात सामील झाले. निकाल २०१४ साली छापून आला. बारांपैकी एकाचीही गाठ, डॉक्टर ज्याला उपयोग झाला म्हणतात तेवढी, कमी झाली नाही. आठ जणांचा आजार वाढतच गेला. चौघांचा काही काळ थबकला. त्यांतल्या सर्वांत जास्त टिकलेल्याचा सुमारे १८ आठवडे. दोघांच्या गाठी ९ आणि १२ टक्क्यांच्या आसपास आकसल्या, पण उपयोग मोजण्याची रेघ ३० टक्क्यांवर असते. आजार पुन्हा वाढू लागण्याचा मधला काळ निघाला ५.७ आठवडे. त्यानंतर त्या चाचणीत आणखी रुग्ण घेणे थांबविण्यात आले.

हे मी त्यांना तिसऱ्या दिवशी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बशीतल्या पेशी मेल्या आणि माणसातल्या नाही मेल्या?"

मला वाटते, एखाद्या डॉक्टरलाही यापेक्षा नेमके सांगता आले नसते. बशीत पेशीला औषधात बुडवून ठेवता येते. माणसाच्या रक्तात तेवढे औषध तितका वेळ ठेवता येईलच असे नाही. शिवाय त्या बारा जणांच्या गाठी आधीच अनेक किमो पचवून निगरगट्ट झालेल्या होत्या. नव्या रुग्णाला ती गोळी दिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांनीही विचारला. प्रश्न बरोबर होता. पण त्याचे उत्तर एजंटाकडून गोळ्या आणून स्वतःच्या पोरावर शोधायचे नसते. ते हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, परवानगी घेऊन केलेल्या चाचणीत शोधायचे असते, आणि तशा चाचणीत औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत.

त्या कागदांत मला आणखी एक गोष्ट मिळाली, आणि माझ्या मते ती गोळीपेक्षा मोठी आहे. त्याच २०१२ सालात अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने एका अगदी साध्या चाचणीचा निकाल जाहीर केला. ज्यांचा युइंग पसरलेला नव्हता अशा ५६८ रुग्णांचे दोन गट केले. दोघांना औषधे तीच. जुनी, ओळखीची, आपल्याकडेही वापरली जाणारी. फरक एवढाच की एका गटाला किमो दर २१ दिवसांनी आणि दुसऱ्याला दर १४ दिवसांनी. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा आजार न उलटता राहिलेले पहिल्या गटात शंभरात ६५ होते आणि दुसऱ्या गटात ७३. शंभरामागे आठ मुले जास्त. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. सात दिवसांचा फरक. आणि त्या घाईमुळे त्रासही वाढलेला दिसला नाही.

ही बातमी कोणाच्या मोबाईलवर आली नाही. पुढे युरोपातील दहा देशांनी ६४० रुग्णांवर जुन्याच औषधांच्या दोन निरनिराळ्या मांडण्यांची तुलना केली, तिचा निकाल २०२२ साली आला. तीन वर्षे आजार न उलटता राहिलेले एका मांडणीत शंभरात ६१, दुसरीत ६७. दुसरी मांडणी म्हणजे साधारण अमेरिकेतली तीच, दोन आठवड्यांची. हेही कोणी फॉरवर्ड केले नाही. तारखा पाळा, एवढेच सांगणाऱ्या बातमीत कोणाला काय विकता येणार!

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर हा लेख वाचून कोणी तरी उद्या डॉक्टरांशी भांडायला जाईल. प्रत्येक हॉस्पिटलाची पद्धत वेगळी असते, प्रत्येक मुलाची ताकद वेगळी. रक्तातल्या पेशी खाली आल्या, ताप आला, तर डॉक्टर स्वतःच किमो पुढे ढकलतात आणि तेच योग्य असते. मी बोलतो आहे ते आपण होऊन चुकविलेल्या तारखांबद्दल. गावी लग्न आहे, गाडीभाडे नाही, सुट्टी मिळत नाही, कोणी तरी दुसरे औषध सांगितले, पोर रडते म्हणून. दिलेली तारीख आपल्याकडून चुकता कामा नये, एवढाच मी त्या आकड्यांचा अर्थ घेतला. हिशेबाच्या माणसाला तारखेची किंमत समजते.

त्या बंधूंना मी हेच कागदावर लिहून दिले. एका बाजूला बारा माणसे, दुसऱ्या बाजूला सात दिवस. त्यांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. चौथी किमो ठरल्या दिवशी झाली.

तोंडातल्या फोडांचे म्हणाल, तर त्यावर इलाज होता. ते आजवर हॉस्पिटलात कोणाला बोललेच नव्हते. "डॉक्टर घाईत असतात, त्यांना काय सांगायचे," असे वहिनींना वाटत होते. मी सोबत गेलो तेव्हा तेथल्या सिस्टरनी गुळण्यांचे औषध, दुखण्याचे औषध आणि थंड मऊ खाण्याचे सगळे समजावून दिले. पुढच्या खेपेला पोर पेज प्यायले, दही खाल्ले. आपल्या माणसांना डॉक्टरसमोर बोलण्याचा संकोच फार. उलटी किती वेळा झाली, कधी झाली, ताप किती होता, हे वहीत लिहून न्यावे आणि ती वही डॉक्टरांपुढे धरावी. बोलायला जमले नाही तरी वही बोलते. घरात थर्मामीटर ठेवावा. किमोनंतरच्या दिवसांत ताप आला तर क्रोसीन देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठावे, कारण त्या दिवसांत अंगात जंतूंशी लढायला शिपाईच उरलेले नसतात. आणि वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट : या औषधांनी पुढे मूल होण्याची शक्ती जाऊ शकते. किमो सुरू होण्यापूर्वीच ती जपून ठेवण्याची सोय विचारावी. लाजेपायी ही चौकशी राहून जाते.

मग त्या गोळीचे संशोधन फुकट गेले काय? तसे मुळीच नाही. २०१८ साली अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी 'नेचर'मध्येच दाखवून दिले की युइंगच्या पेशीत बीआरसीए मोडलेले नसते, पण ते चुकीचे प्रथिन पेशीत इतका गोंधळ घालते की बीआरसीए-१ तिकडेच अडकून पडते. म्हणजे महापालिकेची माणसे आहेत, पण ती दुसऱ्याच गल्लीत गुंतलेली. युइंगच्या पेशी पार्पचे औषध का सोसू शकत नाहीत, याचा उलगडा त्यातून होऊ लागला. टालाझोपॅरिब नावाचे पार्पला आणखी घट्ट अडविणारे औषधही आले. ते टेमोझोलोमाइडबरोबर मुलांना देऊन पाहिले, तेव्हा रक्तातल्या पेशी फार खाली जाऊ लागल्या. डोस कमी ठेवावे लागले आणि युइंगच्या मुलांत उंदरांसारखे यश काही आले नाही. मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी इरिनोटेकन या दुसऱ्या औषधाशी त्याची जोडी लावली, त्यात काही युइंग रुग्णांच्या गाठी कमी झाल्याचे २०२० साली छापून आले. थोड्या रुग्णांवरचे काम आहे. पहिल्या उपचाराची जागा घेईल अशी ही गोष्ट अजून झालेली नाही.

मला त्या बारा माणसांबद्दल वाटते ते वेगळेच. त्यांची नावे कुठे छापलेली नाहीत. किमो थकली होती, हाती काही उरले नव्हते, तरी त्यांनी रोज गोळ्या घेतल्या, रक्त दिले, स्कॅन करवून घेतले आणि त्यांच्यावर जे घडले ते डॉक्टरांनी न लपविता छापले. गोळी चालली नाही, हेही छापायला धैर्य लागते. त्यात मानही मिळत नाही आणि पैसाही नाही. ते छापले नसते तर माझ्याजवळ त्या बापाला दाखवायला काहीच नव्हते. त्याच्यासमोर फक्त जमेचे पान राहिले असते आणि जमीन गेली असती. पोराचे काय झाले असते ते मी लिहीत नाही.

सहाव्या किमोनंतर त्याचे ऑपरेशन झाले. मांडीच्या हाडाचा आजारी भाग काढून तेथे धातूचा भाग बसविला, पाय वाचला. काढलेला भाग तपासला तेव्हा त्यातल्या बहुतेक पेशी किमोने मेलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी याला चांगले लक्षण म्हटले, त्यापेक्षा जास्त काही म्हटले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. आता उरलेल्या किमो चालू आहेत. पोर कुबड्या घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत येते, दहावीचा अभ्यास माझ्या मुलीच्या जुन्या पुस्तकांवर करते आणि गणितात अडले की रात्री मला फोन करते. मेव्हण्याच्या त्या ओळखीच्या माणसाने अजून दोनदा निरोप पाठविला होता. तिसऱ्यांदा वहिनींनीच फोन घेतला, आणि त्यांनी त्याला विचारले, "किती माणसांना दिली ही गोळी, आणि त्यांचे काय झाले, तेवढे सांगा." त्याने फोन ठेवला.

पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे. त्या दिवशी रिक्षाचे पासिंग असल्यामुळे बापाला निघता येणार नाही, म्हणून पोराबरोबर मी जातो आहे. रजेचा अर्ज ऑफिसात देऊन ठेवला आहे.